गुणपरीक्षकाचे आसन कोठे असावे?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वधूवर-सूचक वहीत अलीकडे संगणक-अभियंत्यांच्या नोंदी पुष्कळ आढळतात. मुलगा प्रोग्राम लिहितो असे कळले की मंडळी संतोष पावतात. तो टेस्टिंगमध्ये अथवा ऑपरेशन्समध्ये आहे असे समजले, की ‘म्हणजे दुय्यमच ना?’ असा प्रश्न हळूच विचारला जातो. या प्रश्नाचाच आज थोडा विचार करू. कारण तो केवळ मुलामुलींच्या प्रतिष्ठेचा नसून कंपनीच्या आणि तिच्या ग्राहकांच्या हिताचा आहे.

प्रोग्राम लिहिणारा वस्तू घडवितो. गुणपरीक्षक ती वापरास योग्य आहे की नाही हे पाहतो. ऑपरेशन्सचा मनुष्य ती सर्व्हरवर चढवून अहोरात्र चालती ठेवतो. आता असे समजा, की हे तिघेही एकाच प्रमुखाच्या हाताखाली आहेत आणि माल ठरल्या तारखेस बाहेर पडावा ही त्या प्रमुखाची जबाबदारी आहे. ‘माल अद्याप तयार नाही’ असे म्हणणाऱ्या परीक्षकाची बढती त्याच प्रमुखाच्या लेखणीवर अवलंबून असेल, तर तो किती वेळा सत्य बोलू शकेल?

ही शंका काल्पनिक नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीने रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे निकामी झाले हे कारण सर्वश्रुत आहे. परंतु रॉजर्स आयोगाने आणखी एक मर्म सांगितले. ज्यांचे काम तपासावयाचे, त्यांच्याच अधिकाराखाली सुरक्षा व गुणवत्ता तपासणारी कार्यालये होती! त्यानंतर नासाने या विभागाचा प्रमुख थेट मुख्य प्रशासकास उत्तरदायी केला. तरीही २००३ साली, कल्पना चावला ज्यात होत्या त्या ‘कोलंबिया’ यानाच्या नाशानंतर, चौकशी मंडळास सुरक्षा-यंत्रणेच्या स्वातंत्र्याची उणीव पुन्हा दिसली. नुसता तक्ता बदलून भागत नाही, हाच याचा बोध.

ऑपरेशन्सचेही तसेच. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू जर्सीच्या नाईट कॅपिटल या पेढीत नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. एक राहून गेला. ते काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी नियम नव्हता. सुमारे ४५ मिनिटांत भलतेच सौदे होऊन पेढीस ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

मग हे विभाग अगदी दूर बसवावेत काय? तसेही नव्हे. दूर बसविले म्हणजे बिघाडाच्या वेळी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. म्हणूनच २००९ च्या सुमारास, घडविणारे व चालविणारे यांनी जबाबदारी वाटून घ्यावी असा ‘डेव्हऑप्स’ नावाचा विचार पुढे आला. आमच्या शिक्षकी पेशात याची तोड जुनीच आहे. वर्षभराच्या चाचण्या वर्गशिक्षक घेतो, त्या मुलांच्या शेजारी उभा राहून; शालान्त परीक्षा मात्र शाळेबाहेरचे मंडळ घेते. तद्वत परीक्षक व ऑपरेशन्सची मंडळी पहिल्या दिवसापासून कामात सामील असावीत. परंतु त्यांची नेमणूक, बढती आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार उत्पादन-प्रमुखाच्या मुठीत नसावा. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांतही बँकेच्या माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यास संगणक-विभागाच्या प्रमुखाच्या थेट हाताखाली ठेवू नये, असे बजावले आहे.

आपल्या मंडळाचेच उदाहरण घ्या ना! हिशेबतपासनीस सर्वसाधारण सभा नेमते, खजिनदार नव्हे. यात खजिनदारावर अविश्वास नसून त्याच्या प्रामाणिकपणाचे संरक्षणच आहे. तेव्हा स्थळ पाहताना मुलगा टेस्टिंगमध्ये आहे असे कळले, तर नाक मुरडू नका. ‘नाही’ म्हणावयाचे तेथे तो निर्भयपणे ‘नाही’ म्हणू शकतो का, एवढे अवश्य विचारा. म्हणत असेल, तर असा जामात लाभणे हे भाग्यच समजावे.