म्हसवडची बँक, अवधपुरीच्या चकल्या

भोपाळच्या अवधपुरीत, भेल या सरकारी कंपनीच्या कारखान्याजवळच्या वस्तीत, कुणी घरी चकल्या-अनारसे करून विकत असेल, तर पहिलं गिऱ्हाईक शेजारीणच. खरी अडचण पुढे येते. भाव किती लावायचा? भांडवल कुठून आणायचं? तिथे उपयोगी पडते दुसरी धंदेवाली बाई. पुस्तकं नंतर.

भांडवलाचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यात दुष्काळी माण तालुका आहे. तिथल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला. रिझर्व्ह बँकेने तो नाकारला, कारण कागदावर नुसते अंगठे! बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, म्हणाल्या. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मजुरी बुडवून बँकेत कोण येणार? म्हणून बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. पुढे बायकांसाठी उद्योगाचे वर्ग निघाले, म्हसवडला रेडिओ केंद्रही आलं.

अवधपुरीतल्या मैत्रिणींनो, चार-पाच जणी मिळून किराणा घाऊक आणून पाहा. भांडवल हवं असेल, तर सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाविना मिळतं. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते, तीही मोफत. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.