बाथरूममधला जाळ

आजचा भाग आमच्या बाथरूमबद्दल आहे. हसू नका, ऐका.

नाशिकच्या घरी अकरा वर्षं गॅस गीझर होता. नळ सोडला की फट्‌ आवाज, निळी ज्योत आणि लगेच कढत पाणी. बाबांचा भारी लाडका. गेल्या डिसेंबरात धाकटी बहीण सगळ्यांत शेवटी आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येतोय, पण हाकेला ओ नाही. मी धक्के मारून कडी उखडली, आई आत धावली. ताई भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "गीझर गॅसचा आहे का?"

बंद खोलीत गॅस जळतो तेव्हा तो तिथलाच ऑक्सिजन खातो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आणि त्याला वास नाही! सिलिंडर गळला तर कळतं, कारण गॅसमध्ये मुद्दाम वासाचं रसायन घातलेलं असतं. हा मात्र गुपचूप येतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो पित्त झालं. आईचं डोकं त्या थंडीत रोज सकाळी दुखायचं. आम्ही तिला आल्याचा चहा देत होतो.

आजीकडे तांब्याचा बंब होता. धूर, राख, सगळा पसारा, पण तो अंगणात असायचा. आम्ही जाळ आत आणला आणि गार वारा येतो म्हणून झरोक्यात थर्माकोल कोंबला. तो मीच कोंबला होता, बरं का.

मग बदलायचं ठरलं, आणि बाबा बिलावर अडले. हिशोब केला: पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट. दोन किलोवॅटचा गीझर ते पंधरा मिनिटांत करतो. म्हणजे एवढ्याशा पैशांसाठी आपण वाद घालतोय! खरा खर्च वायरिंगचा निघाला. बिल्डिंग जुनी, अर्थिंग नावालाच. इलेक्ट्रिशियनने वेगळी जाड वायर ओढली, सोळा अँपिअरचा पॉइंट दिला, अर्थिंग तपासून घेतलं. यात काटकसर करू नका. ज्यांना लगेच बदलणं जमत नाही, त्यांनी गॅस गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत लावून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यावा. आणि झरोका उघडा ठेवा, आजच.

जुना गीझर काढला तेव्हा बाबा म्हणाले, "चालू आहे की. गावी काकांना देऊ."

काकांचं बाथरूम आमच्याहून लहान आहे. खिडकी नाही. मी बाबांशी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवून बोललो, आणि संध्याकाळी तो भंगारवाल्याला देताना त्याचा बर्नर आधी हातोडीने ठेचला.