पायातली बुरशी



शिळ्या भाकरीला बुरशी येते, लोणच्याला येते, ओल्या कडब्याला येते. हे आपण रोज बघतो. पण बुरशी माणसाच्या जखमेतही वाढते, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बाभूळ फार, बोरी फार. कपाशीच्या निंदणीला माणूस अनवाणी जातो. काटा मोडतो. सुईने काढला, हळद भरली, की पुन्हा कामाला! बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. पण कधी काट्याबरोबर मातीतली बुरशी आत शिरते. महिने जातात, वर्षेही जातात. काटा मोडल्याचे माणूस विसरूनही जातो. मग पायाला कडक गाठ येते. ती फारशी दुखत नाही, म्हणून आपण गप्प बसतो. खरी फसगत इथेच होते. दुखले असते तर दवाखाना लवकर गाठला असता! पाय सुजतो. गाठीला तोंडे फुटतात. एक बुजते तर दुसरे फुटते. पू येतो आणि पुवात बारीक दाणे दिसतात, खसखशीसारखे.

ते दाणे म्हणजे रोगाची खूण. जखमेवरचे फडके धुऊ नका, फेकू नका. तसेच डॉक्टरांना दाखवा.

या रोगाला मदुरा पाय म्हणतात. तमिळनाडूतल्या मदुराई शहरावरून हे नाव पडले. तिथे 1842 साली त्याची नोंद झाली. मुंबईत कार्टर नावाचे इंग्रज डॉक्टर होते. चित्रे फार सुंदर काढायचे. त्यांनी असे पाय तपासले आणि हे बुरशीचे काम आहे असे सांगितले. 1874 साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे कळले की नुसती बुरशीच नाही, एक जातीचे जंतूही असाच पाय करतात. रूप एक, रोग दोन!

मग ओळखायचे कसे? दाणा काळा असला तर बुरशी. पिवळा किंवा लाल असला तर बहुधा जंतू. पांढरा दोन्हींचा असतो, म्हणून नुसत्या रंगावर भागत नाही. डॉक्टर दाणा काचेवर चिरडतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून बघतात. बुरशीचे धागे जाड दिसतात, जंतूंचे फार बारीक. वरवरचा पू पुरत नाही, कारण धुळीतली बुरशी जखमेवर नुसती बसलेलीही असते. म्हणून आतल्या मांसाचा लहान तुकडा काढतात. त्यातली बुरशी बशीत वाढवून बघतात. तिला वाढायला काही आठवडे लागतात. तुकडा काढतात म्हणून घाबरून पळू नये. हाडापर्यंत गेले का, ते एक्स-रेत दिसते.

एवढा खटाटोप कशाला? कारण जंतूंचे औषध बुरशीला चालत नाही आणि बुरशीचे जंतूंना चालत नाही. औषध चुकले की पाय आतून पोखरत राहतो आणि शेवटी कापावा लागतो. शेतकऱ्याचा पाय गेला तर शेत कोण बघणार?

2021 साली करोनानंतर जी काळी बुरशी आली, ती निराळी. ती नाकातून डोळ्याकडे काही दिवसांत पसरायची. ही मात्र सावकाश खाते.

धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. गाठ लहान आहे तोवर जा. केव्हा काटा मोडला होता ते आठवून सांगा. औषध कित्येक महिने चालते. गाठ बसली तरी डॉक्टर सांगेपर्यंत ते सोडायचे नाही.