शहर फुगते ते कुणाच्या जिवावर?

(ढोकी येथील बैठकीत केलेले भाषण)



आपली पोरं पुण्या-मुंबईला जातात. पुढारी म्हणतात, पोरांना शहराची चटक लागली. चटक लागलेला माणूस एका खोलीत सहा जणांत पाय दुमडून झोपेल का? खरे कारण शोधायचे तर मुंबईचा दीडशे वर्षांचा हिशेब मांडावा लागेल.

हा हिशेब कापसापासून सुरू होतो. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1864 च्या मोजणीत मुंबईची वस्ती 8 लाखांवर गेली. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले. 1872 च्या शिरगणतीत माणसे भरली साडेसहा लाखांच्या आत. तेजीचा पैसा मुंबईच्या पेढ्यांत राहिला, मंदीचे कर्ज शेतकऱ्याच्या दारात आले. 1875 साली सुप्याला सावकारांचे कागद जळाले, त्यामागे हे कर्जही होते.

पुढे गिरण्या वाढल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. एका खोलीत अनेक जण, झोपायचे पाळीपाळीने. 1896 साली मांडवीत प्लेग शिरला आणि लोक गावाकडे पळाले. सरकार जागे झाले. 1898 साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट काढला. 1920 नंतर वरळी, नायगावला बीडीडी चाळी उठल्या. खोली 160 चौरस फूट, संडास सामाईक. खोल्या वाढल्या, पण गर्दी हटली नाही. औषध खोलीला दिले. रोग होता गावाच्या शेतात.

आपली पाळी 1972 च्या दुष्काळात आली. ज्वारी करपली, कापूस गेला. कुणी गावाजवळ खडी फोडली, कुणी शहराची वाट धरली. पिंपरी-चिंचवडची वस्ती 1981 साली अडीच लाख होती, 2011 साली सव्वासतरा लाख झाली. त्याच 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांवर गेली. त्यात दर दहा माणसांमागे चार झोपडपट्टीत.

हा रहाट फिरतो कसा, ते बघा. शहरात खोली महाग. कारखानदाराला मजुरी वाढवायची नाही. मग मजूर जगावा कसा? भाकरी स्वस्त करून! 1943 साली मुंबईत रेशन आले, पुढे आपल्या ज्वारीवर लेव्ही बसली. ज्वारीचा भाव पडला की शेत तोट्यात जाते, पोरगा शहराकडे जातो. नाक्यावर मजुरांची रांग वाढते, मजुरी आणखी खाली येते. म्हणजे पोरगा शहरात कमी मजुरीवर राबतो, आणि त्याला जगवायला बाप गावात कमी भावाने ज्वारी विकतो. लूट एकच, खिसे दोन!

2020 साली टाळेबंदी झाली तेव्हा काय दिसले? ज्या शहराने राबवून घेतले, त्याने महिनाभर सांभाळले नाही. माणसे पायी निघाली. प्लेगात जसे गावाने पोसले, तसेच कोरोनातही पोसले. मजूर लहानाचा मोठा करायचा गावाने, आजारात आणि म्हातारपणी सांभाळायचा गावाने. हा खर्च आपल्या मालाच्या भावात कुणी धरतो का?

उलट 2025 च्या ऑगस्टमध्ये, आपला कापूस बोंडावर यायच्या वेळी, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क सरकारने माफ केले, ते डिसेंबरअखेरपर्यंत! रहाट अजून थांबलेला नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. शहराशी आपले वैर नाही. पोरांनी खुशाल जावे, पण हुन्नर घेऊन, आपल्या मर्जीने. भाव पडला म्हणून हाकलल्यासारखे नव्हे. झोपडपट्टीतल्या खोलीपायी रान विकू नका. सातबारावर नाव असेल तर परतीची वाट राहते. आणि सरकारला आपण एकमुखाने बजावू या: शहराची भाकरी स्वस्त करायची असेल तर ती तुमच्या तिजोरीतून करा, आमच्या खळ्यातून नको.

गावोगावी हा हिशेब सांगा. खळ्यावर भाव मिळाला, तर शहरातली खोलीही थोडी मोकळी होईल.