घरगुती खाद्यव्यवसाय आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत पापड, सांडगे, कुरडया, मसाले व लोणची करून विकली जातात. त्यांची चव आपण तोंडभरून वाखाणतो. परंतु स्तुतीने चूल पेटत नाही, हे आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो.

या धंद्याची खरी अडचण भांडवलाची आहे. उडीद, मिरची, धने यांची खरेदी फाल्गुन-चैत्रात एकदम करावी लागते. कडक उन्हात वाळवण उरकावे लागते. आणि माल मात्र वर्षभर थोडाथोडा खपतो. अशा वेळी 'घरचेच आहेत' म्हणून आपण महिनोन्‌महिने उधारी थकविली, तर पुढील हंगामाचे उडीद कोणत्या पैशाने आणावयाचे?

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात ७ भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' ही संस्था. देणगीच्या नव्हे, मालाच्या बळावर तिने नाव मिळविले. आपल्या भगिनींनाही देणगी नको. मालाचे दाम वेळेवर हवेत.

करणाऱ्यांचेही कर्तव्य आहेच. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी करावी, वजन चोख द्यावे, पुड्यावर तारीख घालावी.

तेव्हा येत्या वाळवणाची मागणी माघातच नोंदवावी, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल हाती पडताच द्यावी, एवढा निश्चय प्रत्येक कुटुंबाने करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.