ओतीव धातूच्या मालमोटारी



माझ्या मालकीच्या एकंदर ४७ मालमोटारी आहेत. त्यांना तेल लागत नाहीं, चालक लागत नाहीं, आणि त्या साऱ्या मिळून एका काचेच्या कपाटांत मावतात. साच्यांत ओतलेल्या, बोटभरापासून वीतभरापर्यंत लांबीच्या या जुन्या मालमोटारींच्या प्रतिकृति जमविण्याच्या छंदाविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. हा पोरखेळ आहे असें माझ्या घरचीं माणसेंही म्हणतात; आपण तसें म्हटल्यास मला नवें वाटणार नाहीं.

या खेळण्यांचा जन्म आगगाडीच्या आश्रयानें झाला. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीनें खेळण्यांतील आगगाड्यांबरोबर मांडण्यासाठीं १९३३ च्या अखेरीस सहा लहान वाहनांचा एक संच काढला. त्यांत एक मालमोटार होती. पुढील वर्षीं या वाहनांना 'डिंकी' हें नांव मिळालें, आणि लौकरच मुलें आगगाडी विसरून मोटारीच मागूं लागलीं. याच कंपनीचे कांहीं जुने साचे १९६८ च्या सुमारास कलकत्त्यास आले आणि तेथें 'निकी' या नांवानें खेळणीं निघालीं. त्यांचा रंग अंमळ जाड असे. पण आमच्या पिढीला त्यांचें अप्रूप होतें.

या वस्तूंचें सौंदर्य त्यांच्या धातूंत आहे. जस्तांत थोडें अल्युमिनियम, किंचित् तांबें आणि नांवापुरतें मॅग्नेशियम मिसळलें म्हणजे जो मिश्रधातु होतो तो सुमारें ३८५ अंश सेंटिग्रेडला वितळतो. हा रस दाब देऊन पोलादी साच्यांत भरतात. क्षणांत तो थिजतो आणि साच्यावरची केसाएवढी रेषाही उचलतो. म्हणूनच रेडिएटरच्या जाळ्या आणि दाराच्या बिजागऱ्या आपणांस इतक्या स्पष्ट दिसतात.

परंतु याच धातूच्या पोटीं एक रोग आहे. त्यांत शिसें एक लाख भागांत पांच भागांहून अधिक राहिलें, तर पुढें वर्षानुवर्षें, विशेषतः दमट हवेंत, धातूचे कण आंतून एकमेकांपासून सुटत जातात. वस्तु फुगते, वांकते, तिला तडे जातात, आणि अखेर भाकरीच्या कोरड्या तुकड्याप्रमाणें ती बोटांत चुरते. महायुद्धापूर्वींच्या बऱ्याच गाड्यांना हा रोग आहे. एका गाडीपासून तो दुसरीला जडत नाहीं, पण त्यावर औषधही नाहीं. हवा कोरडी राखावी, उष्णता कमीजास्त होऊं देऊं नये, इतकेंच आपल्या हातीं असतें. आणि मुंबईचा पावसाळा तेंही पुरतेंपणीं हातीं राहूं देत नाहीं.

जुन्या वाहनांच्याच प्रतिकृति मुद्दाम काढण्याचें श्रेय लंडनच्या लेस्नी कंपनीकडे जातें. १९४७ मध्यें लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघां मित्रांनीं ती काढली. आडनांव एक असलें तरी नातें कांहीं नव्हतें. जॅक ओडेल हा कुशल साचेकार त्यांना येऊन मिळाला आणि १९५६ मध्यें या कंपनीनें गतकालीन वाहनांची एक माला सुरू केली. त्या मालेंतील 'सेंटिनेल' ही वाफेवर चालणारी मालमोटार माझी विशेष आवडती आहे. खऱ्या सेंटिनेल गाड्या इंग्लंडांत श्रूसबरी येथें होत. उभा बाष्पक, त्यांत दगडी कोळसा, आणि धुराडें छपरांतून वर काढलेलें! ही गाडी कांहीं निकामी ठरली नव्हती. १९३३ च्या कायद्यानें रिकाम्या गाडीच्या वजनावर कर वाढला, आणि बाष्पकाचें व पाण्याचें ओझें वाहणारी ही बिचारी पेट्रोल-डीझेलच्या गाड्यांपुढें हरली. तिचा हा इतिहास मला शाळेंत कोणी शिकविला नाहीं. तळहातावर मावणारें एक निळें खेळणें हातीं आलें म्हणून मीं तो शोधून वाचला.

संग्राहकांची बाजारपेठ मात्र विचित्र आहे. तेथें गाडीइतकीच, कधीं तर गाडीहून अधिक किंमत तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला येते. ज्या मुलानें खोकें जपलें तो बहुधा खेळलाच नसावा! चोरबाजारांत अशा एका विक्रेत्याला मीं माझ्या संग्रहांतील सर्वांत जुनी गाडी दाखविली. ती डिंकीची उघड्या हौद्याची मालमोटार आहे. माझ्या वडिलांना ती लहानपणीं मिळाली होती. मी सहा वर्षांचा असतांना त्यांनीं ती माळ्यावरून काढली, खिडक्यांना लावून उरलेला हिरवा तेलरंग तिला स्वतः फासला आणि मला दिली. रंगाचे दोन ओघळ हौद्यावर तसेच वाळले आहेत. विक्रेता म्हणाला, "साहेब, हा रंग उतरवून मूळचा रंग द्या, मग गिऱ्हाईक मिळेल." त्याचें म्हणणें व्यापाराच्या दृष्टीनें बरोबर होतें. मीं गाडी रुमालांत गुंडाळून परत आणली.

त्या गाडीलाही आतां तो रोग आहे. माझ्या टिपणवहींत तिची लांबी दरवर्षीं लिहिलेली असते. दहा वर्षांत ती दीड मिलिमीटर वाढली. रंग उतरवावयाचा म्हटला तरी आतां ती तें सोसणार नाहीं. किंबहुना त्या जाड रंगानेंच तिला कांहीं ठिकाणीं धरून ठेवलें आहे असें मला वाटतें.

वडील दसऱ्याच्या दिवशीं आमच्या सायकलीबरोबर या गाडीलाही झेंडूचें फूल वाहत असत. तो परिपाठ मीं चालू ठेवला आहे. गेल्या दसऱ्याला डबी उघडली तेव्हां मागचें डावें चाक निखळून कापसावर पडलेलें दिसलें. फुलाचें वजन नको म्हणून यंदा एकच पाकळी ठेवली, आणि तें चाक गाडीच्या शेजारीं, त्याच डबींत ठेवून दिलें.