जॅक उचलतो, घोडी धरते



बैलगाडीला वंगण घालताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दोघे गडी गाडीच्या एका अंगाला खांदा देत आणि तिसरा चटकन खाली जाड लाकडाचे टेकण सरकवी. गाडी टेकणावर नीट बसली, की मगच चाक ओढायचे आणि वंगण लावायचे. गाडी खांद्यावर असताना कुणी खाली हात घालू लागला, तर घरातला जाणता माणूस ओरडे, "अरे, आधी टेकण!" उचलणारा निराळा आणि धरणारा निराळा, हा नियम त्या लोकांना पुस्तकावाचून ठाऊक होता. अंगणात बैलगाडीच्या जागी मोटार आली आणि नियम मात्र मागे राहिला. घरच्या घरी व्हॅन उचलायची झाली तर साधने कोणती घ्यावीत, हे आज मी सांगणार आहे ते त्यासाठीच.

प्रथम माझीच चूक सांगतो. माझा धाकटा भाऊ गावी राहतो. दुधाचे कॅन नेण्यासाठी त्याने एक जुनी व्हॅन घेतली. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. मोठ्या हौसेने मी त्याला तीन टनांचा हायड्रॉलिक जॅक भेट दिला. पावसाळा नुकताच संपला होता. सायलेन्सरची नळी सुटली म्हणून त्याने अंगणातल्या मुरुमावर एक वीट ठेवली, विटेवर जॅक ठेवला, गाडी वर घेतली आणि तो खाली शिरला. थोड्या वेळाने पान्हा घ्यायला म्हणून तो बाहेर आला, आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला. वीट फुटून जॅक आडवा झाला होता आणि गाडी खाली आली होती. जॅकचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता. मी उचलण्याचे साधन दिले आणि धरण्याचे दिले नाही.

हा जॅक काम कसा करतो ते थोडक्यात पाहू. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने दाखवून दिले. त्याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. जॅकमध्ये एक लहान दट्ट्या असतो आणि एक मोठा. मोठ्याचा व्यास लहानाच्या तिप्पट असेल, तर त्याचे क्षेत्रफळ नऊपट होते, म्हणजे जोरही नऊपट होतो. त्यात दांड्याच्या तरफेने दहापट भर घातली, की हाताचा दहा किलोंचा जोर नऊशे किलोंच्या घरात जातो. घर्षणात थोडा वाया जातो, तो निराळा.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक लहान आणि एक मोठी. त्या पाण्याने भरून बारीक नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मोठीच्या दट्ट्यावर एक जड पुस्तक ठेवा आणि लहान दट्ट्या अंगठ्याने दाबा. पुस्तक वर चढेल आणि मुले टाळ्या वाजवतील. परंतु प्रयोग तेथे संपवू नका. आता नळीचे टोक किंचित सैल करा. पाणी झिरपेल आणि पुस्तक खाली बसेल. मग मुलांना विचारा, "पुस्तकाच्या जागी मोटार असती आणि तिच्याखाली माणूस असता तर?" जॅकमध्ये तेल अडवून धरते ते एक रबरी कडे आणि एक लहानशी झडप. कडे झिजले किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला, की तेल परत फिरते. गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक तसा आपोआप उतरत नाही, पण त्याची बैठक अरुंद असते आणि धक्का बसला की तो कलंडतो. तो रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. गाडीखाली शिरण्यासाठी यांपैकी कोणताही जॅक पुरेसा नाही.

आता निवड कशी करावी ते सांगतो. पहिली गोष्ट वजन. गाडीच्या नोंदणीपत्रात रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. आपल्याकडच्या लहान व्हॅनचे ते एक टनाच्या आसपास भरते. मोठ्या व्हॅन याहून पुष्कळ जड असतात. एक कोपरा उचलताना सगळे वजन जॅकवर येत नाही हे खरे, पण त्या हिशेबाने लहान जॅक घेऊ नये. भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाइतकी तरी त्याची क्षमता असावी. ज्यावर भार छापलेला नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

दुसरी गोष्ट उंची, आणि फसगत होते ती येथेच. बाटलीच्या आकाराचा जॅक मिटलेला असतानाही बराच उंच असतो. टायर पंक्चर झाले की गाडी खाली बसते आणि तो तिच्याखाली शिरत नाही. चाकांचा ट्रॉली जॅक ठेंगणा असतो, त्याची बैठकही रुंद असते. मात्र त्याला फरशीसारखी पक्की जमीन लागते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी जॅक लावण्याच्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजून कागदावर लिहून घ्या. ही जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेली असते. पत्र्याच्या तळाला किंवा इंजिनाच्या तेलाच्या भांड्याला जॅक कधीही लावू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे आपले टेकण. गॅरेजवाले त्याला घोडी किंवा स्टँड म्हणतात. घोड्या जोडीनेच घ्याव्यात. पाय फाकलेले असावेत, वरची खाच खोल असावी आणि आरपार जाणारी जाड लोखंडी खीळ असावी. छापलेला भार एका घोडीचा की दोन्हींचा मिळून, हे वाचून घ्या. जोडाचे वेल्डिंग निरखून पाहा. अमेरिकेत २०२० साली एका मोठ्या दुकानसाखळीला दातेरी अटकावाच्या घोड्या दोषामुळे ग्राहकांकडून परत घ्याव्या लागल्या; भाराखाली त्यांचे दाते सुटण्याचा धोका होता. म्हणून घोडी असली तरी काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी.

आणि साधने चांगली असली तरी रीत चुकू नये. जागा सपाट व टणक हवी. माती असेल तर जॅकखाली आणि घोड्यांखालीही जाड, रुंद फळी द्या. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा देऊ नका, कारण ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. गाडीतील माणसे आणि सामान उतरवा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याचा भरवसा धरता येत नाही. चाक काढायचे असेल तर नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचला, घोड्या लावा, आणि जॅक सावकाश उतरवून गाडीचा भार घोड्यांवर येऊ द्या. बाहेर उभे राहूनच गाडी हाताने हलवून पाहा. ती डुगडुगली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. काम चालू असताना घरातील एक मोठे माणूस जवळ असावे आणि मुले दूर असावीत.

कुणी म्हणेल, वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूवर इतका खर्च कशाला? घोड्या घेणे जमत नसेल, तर चार घरांनी मिळून एक जोडी घ्यावी. तेही जमत नसेल, तर ते काम गॅरेजात न्यावे. पण नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये.

त्या दिवाळीत मी गावी गेलो तो घोड्यांची जोडी घेऊनच. भावाने त्या गोठ्याशेजारी ठेवल्या आहेत. शेजारचे लोक जॅक मागायला येतात, तेव्हा तो घोड्या आधी काढून देतो आणि मग जॅक. कुणी नुसताच जॅक मागितला, तर तो देत नाही. लोक त्याला हट्टी म्हणतात. मला मात्र त्याच्या तोंडून आमच्या आजोबांचाच आवाज ऐकू येतो: "अरे, आधी टेकण!"